ब्रेकचं पेडल तळाला गेलं तर

हेळवाक मागे पडलं की कुंभार्ली घाट सुरू होतो, आणि खाली पोफळी येईपर्यंत पायाला उसंत नसते. मी चिपळूणला बायकांना गाडी शिकवते, हा घाट माझ्या रोजच्यातला. तरी एका मे महिन्यात कराडहून येताना माझ्याच गाडीचे ब्रेक गेले. मागे सासूबाई, त्यांच्या शेजारी गुळाची ढेप. पुढे सळ्या भरलेला ट्रक. अर्धा घाट मी त्याच्या मागे ब्रेकवर पाय ठेवूनच उतरले. शिकवताना ज्यावरून ओरडते, नेमकं तेच. मग ट्रकवाल्यानं साइड दिली, मी पुढे निघाले, चौथा टाकला, आणि पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला. ओल्या स्पंजावर पाय पडावा तसं.

अशा वेळी डोकं म्हणतं, अजून जोरात दाब. पण पायाला काय लागतंय ते आधी ओळखायचं, कारण उपाय त्यावर ठरतो.

पेडल मऊ लागून खाली जात असेल तर ते भराभर पंप करायचं. पूर्ण सोडायचं, पूर्ण दाबायचं, चार-पाच वेळा. सतत दाबून तापलेल्या ब्रेक ऑइलमध्ये (पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारं तेल) वाफ किंवा हवा झाली असली तरी पंप करून थोडा दाब तयार होतो. मला तिसऱ्या दाबाला पायाखाली काहीतरी लागलं. गाडी थांबण्याइतकं नाही, पण लागलं. शिवाय बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असतात. एक फुटली तरी दुसरी निम्मं काम करते, फक्त पेडल खूप खाली जातं. म्हणून तळाला गेलं तरी पाय उचलून बसायचं नाही.

पेडल दगडासारखं कडक झालं असेल तर उलटं. बूस्टरची, म्हणजे इंजिन चालू असताना पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदत गेलेली असते, ब्रेक शाबूत असतात. इथे पंप केलंत तर उरलीसुरली मदतही संपते. दोन्ही पाय लावून, पाठ सीटला टेकवून, एकदाच दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. आणि पेडल नुसतं थरथरत असेल तर तो एबीएस आहे, चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, घाबरून पाय काढू नका. पेडल खाली जातच नसेल तर तळाशी पाण्याची बाटली अडकलीय का बघायचं. हसू नका, माझ्या एका विद्यार्थिनीच्या गाडीत मी ती स्वतः काढलीय.

हे सगळं दोन-तीन सेकंदांत. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, तेव्हा पंप करता करताच हात गिअरवर गेला पाहिजे. चौथ्यातून तिसरा, क्लच सोडायचा, इंजिन घोंगावू द्यायचं. वेग उतरला की दुसरा. चौथ्यातून एकदम पहिला टाकायला गेलात तर गिअर पडत नाही, लिव्हर मध्येच अडकते, आणि न्यूट्रलमधली गाडी उतारावर मोकाट सुटते. ऑटोमॅटिकला एल किंवा २ असेल तर तिकडे, नाहीतर मॅन्युअलवर घेऊन वजाकडे एकेक टप्पा. पी ला (पार्किंग) हात लावायचा नाही.

तिसऱ्याला माझं इंजिन असं केकाटलं की सासूबाई म्हणाल्या, "काय गं, गाडी का ओरडतेय?" मी म्हटलं, "ओरडू दे, तुम्ही पट्टा लावा."

मग हँडब्रेक. तो बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे खसकन ओढला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. बटण अंगठ्यानं दाबूनच ठेवायचं, लिव्हर हळूहळू वर घ्यायची, चाक घसरतंय वाटलं की थोडी सोडायची, परत घ्यायची. वळणावर नाही, सरळ रस्त्यावर. बटणाचा हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते धरून ठेवलं की ब्रेक लागतो, पण आपल्या गाडीचं पुस्तक आधीच वाचून ठेवा.

इंजिन बंद करायचं नाही. बूस्टर जातो, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढलीत तर स्टिअरिंग लॉक. हॉर्न, हेडलाइट, चारी इंडिकेटर मात्र चालू. समोरच्याला कळलं पाहिजे की ही बाई हौसेनं हॉर्न वाजवत नाहीये.

एवढं करूनही वेग उरला तर कशावर थांबायचं ते निवडायचं. मातीचा ढीग, झुडपं, चढाचा फाटा असेल तर उत्तम. काहीच नसेल तर डोंगराची बाजू, तीही समोरून नाही, तिरकी घासत. पत्रा जातो, जाऊ दे. दरीकडच्या कठड्यावर भरवसा ठेवू नका. मला कामासाठी टाकलेला तांबड्या मातीचा ढीग मिळाला. दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेक अर्धा ओढलेला, गाडी त्यात बंपरपर्यंत रुतली. मग पहिला गिअर टाकून इंजिन बंद, चाकाखाली दगड.

अर्ध्या तासानं पेडल परत पहिल्यासारखं लागायला लागलं. इथेच लोक फसतात. तापलेल्या ऑइलची वाफ निवली की ब्रेक आल्यासारखे वाटतात, आणि माणूस निघतो. मी गाडी ओढूनच नेली. कुणी गरम डिस्कवर पाणी ओतायला सांगितलं तर ओतू नका, डिस्क वाकते.

गॅरेजवाल्यानं ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. ऑइल कोऱ्या चहासारखं झालेलं. पाच वर्षं बदललंच नव्हतं, आणि चूक माझी. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३०, पण पाणी मुरलं की ही मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकते. कोकणातल्या हवेत तर बघायलाच नको. दर दोन वर्षांनी ते बदलून हवा काढून घ्यायची.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना एकच सांगते: आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलं की इंधन बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन ते पीत राहतं. वाचत काहीच नाही. ज्या गिअरनं घाट चढलात, त्याच गिअरनं उतरा.

माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकीला रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर मी हे करायला लावते. ताशी २० चा वेग, पाय ब्रेकवरून बाजूला, दुसऱ्यातून पहिला, मग बटण दाबून हँडब्रेक. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्याच जणी बटण सोडून देतात, लिव्हर कर्रकन वर जाते आणि मागचं चाक धुळीत रेघ ओढतं. मी ती रेघ त्यांना खाली उतरून बघायला लावते. मग परत गाडीत.