जुन्या कंट्रोल-लाइन विमानाचे नाक आणि बेलक्रँक
1950 च्या दशकातील अमेरिकी किटमधील, 0.049 घनइंची म्हणजे सुमारे 0.8 सीसीच्या कॉक्स इंजिनावर उडणारी बाल्सा या हलक्या लाकडाची छोटी कंट्रोल-लाइन विमाने (उडवणाऱ्याच्या हातातल्या तारांवर गोल फिरणारी मॉडेले) जोडताना इंजिन बसवायची फळी आणि बेलक्रँकचा (तारांची ओढ शेपटीच्या हलत्या भागापर्यंत पोचवणाऱ्या तरफेचा) आधार यांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण इंजिनाचा कंप पहिलीला आणि तारांचा सगळा ताण दुसऱ्याला सोसावा लागतो. किटमधील मूळ फळी कितीही शाबूत दिसली तरी 3 मिमी बर्च प्लायवुडची नवी फळी इपॉक्सीने बसवावी आणि नाकाला आतून-बाहेरून पातळ इपॉक्सीचा हात द्यावा. इंधनातले एरंडेल बाल्सात एकदा मुरले की तिथे कोणताही गोंद नीट धरत नाही. बेलक्रँकचा बोल्ट नुसत्या बाल्सात न अडकवता प्लायवुडच्या तुकड्यातून आरपार न्यावा. पंखाच्या मधल्या सांध्यावर पातळ काचकापड (फायबरग्लासचे कापड) पुरते. शेपटीकडे मात्र मजबुतीच्या नावाखाली वजन वाढवू नये, अन्यथा गुरुत्वमध्य मागे सरकून विमान अनावर होते.