चर्चामंचाचं सॉफ्टवेअर घेण्याआधी: सामान बाहेर कसं निघतं ते बघा

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर संपादक मंडळात मतदान होण्याआधी एक काम करून ठेवा: त्यातून सगळा मजकूर बाहेर कसा निघतो ते स्वतः काढून बघा. मागच्या खेपेला बाकी सगळं तपासलं होतं, हे एवढंच राहिलं, आणि ते चांगलंच महागात पडलं. म्हणून ते इथे पहिलं आहे आणि पुढेही मधे मधे येत राहील. कंटाळा आला तरी वाचा.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. मालकाने दुकान बंद केलं की तिथलं लेखन त्याच्या मर्जीवर राहतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पण स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःचं सॉफ्टवेअर टाकलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. ड्रुपल हे संस्थळ उभारायचं मुक्त सॉफ्टवेअर; त्याच्या ७ व्या आवृत्तीला मिळणाऱ्या अधिकृत दुरुस्त्या ५ जानेवारी २०२५ ला थांबल्या. मराठीतली बरीच संस्थळं ड्रुपलवरच उभी राहिली आहेत. सॉफ्टवेअर फुकट असो, मुक्त असो, कितीही नावाजलेलं असो, आठ-दहा वर्षांनी त्यातून निघावं लागणार हे धरूनच आत शिरा.

आता चाचणी. एका चाचणी-प्रतीत पन्नासेक प्रतिसाद टाका, पण 'टेस्ट टेस्ट' लिहून नव्हे. एक लांब धागा, त्यात अवतरणं, एक फोटो, एक पीडीएफ, एक संपादित केलेला प्रतिसाद, एक उडवलेला, दोन व्यनि (सभासदांचे एकमेकांना खाजगी निरोप), आणि एक असा आयडी जो नंतर बंद केला. मग निर्यात करा आणि ती फाइल दुसऱ्या कोऱ्या सर्व्हरवर पुन्हा उभी करा. दुसऱ्या सर्व्हरवरच. त्याच सर्व्हरवर केली तर जुने फोटो जुन्याच फोल्डरमधून दिसत राहतात आणि सगळं आलंय असं वाटतं. जमलं तर तोच डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही चढवून बघा, कारण खरी वेळ येईल तेव्हा तेच करायचं आहे. तारखा टिकल्या का, प्रतिसाद कोणत्या प्रतिसादाला होता ते टिकलं का, बंद केलेल्या आयडीचं लेखन कुणाच्या नावावर गेलं, एवढं तरी बघाच.

जोडलेल्या फाइलींकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. पीएचपीबीबी या मंचाच्या सॉफ्टवेअरच्या प्रशासन पानावर बॅकअपचं बटण आहे, पण ते फक्त डेटाबेस घेतं. सभासदांनी चढवलेले फोटो 'फाइल्स' या फोल्डरात असतात आणि ते वेगळे उतरवावे लागतात. ते फोल्डर एकदा उघडून बघाच: सभासदाचा क्रमांक, खालची रेघ, मग बत्तीस अक्षर-अंकांची सरमिसळ, मागे जेपीजी-बिपीजी काहीही नाही. कोणता फोटो कोणत्या धाग्यातला हे फक्त डेटाबेसमधल्या तक्त्याला माहीत असतं. म्हणजे डेटाबेस आहे आणि फोल्डर नाही, तर फोटो गेले. फोल्डर आहे आणि डेटाबेस नाही, तर हजारो बेवारस फाइली. दोन्ही एकाच वेळचे हवेत. डिस्कोर्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या बॅकअपमध्ये फोटो घ्यायचे की नाही याची वेगळी खूण आहे, ती चालू आहे का बघा. आणि फोटो बाहेरच्या क्लाउडवर ठेवले असतील तर त्यांचा बंदोबस्त वेगळा. दुसऱ्याकडून चालवून घेणार असाल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा: पूर्ण डेटाबेस आणि सगळ्या फाइली, आमच्या आम्हाला, कोणत्या योजनेत, किती दिवसांत? 'सीएसव्ही मिळेल', म्हणजे नुसता मजकुराचा तक्ता, हे उत्तर पुरेसं नाही.

मराठीसाठी वेगळी तपासणी लागते आणि ती तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची साधी 'यूटीएफ८' पद्धत एका अक्षराला तीनच बाइट जागा देते. देवनागरी अक्षर बरोबर तीन बाइटांत बसतं, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत दिसतं. मग कुणीतरी हसरा चेहरा टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि एकतर प्रतिसाद जातच नाही किंवा चेहऱ्याच्या पुढचा सगळा मजकूर कापला जातो. इतिहासाचा मंच असेल तर आणखी एक: मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं आहे. तेव्हा डेटाबेस 'यूटीएफ८एमबी४'च हवा, आणि तक्ते, रकाने, जोडणी तिन्ही ठिकाणी. जुन्या डेटाबेसमध्ये 'लॅटिन१' (रोमन लिपीपुरती जुनी पद्धत) असं लिहिलेल्या रकान्यांत देवनागरी कोंबलेली सापडते. ती जागच्या जागी नीट दिसते आणि निर्यात केली की तिचा खिचडा होतो. पुन्हा तेच: बाहेर काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असतो. एकात नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही, आणि स्थलांतराची एखादी स्क्रिप्ट 'अदृश्य चिन्हं साफ करते' म्हणाली की वीस वर्षांच्या लेखनातलं 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊन बसतं. चाचणीच्या धाग्यात हे दोन्ही प्रकार, शिवाय 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' असे शब्द मुद्दाम घाला आणि निर्यातीनंतर तेच शब्द शोधून बघा.

शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवणारी थीम असेल तर शिरोरेखा तुटते. ओळींतलं अंतर कमी असेल तर वेलांट्या आणि उकार कापले जातात. थीम बदला, त्यावर वेळ घालवू नका. गमभन या मराठी टंकायच्या साधनाची सवय असलेल्यांना नव्या संपादन-चौकटीत टंकता येतं का, ते त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

धाग्याचा पत्ता कसा बनतो तेही बघून घ्या. डिस्कोर्समध्ये पत्ता इंग्रजी अक्षरांपुरता ठेवला तर मराठी शीर्षकाच्या जागी नुसतं 'टॉपिक' येतं. देवनागरी ठेवला तर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर एकेका अक्षराची नऊ चिन्हं होऊ शकतात, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून दहा अक्षरांच्या शीर्षकाची नव्वद. नुसता क्रमांक ठेवणं बरं. आणि जुन्या मंचावरून येत असाल तर जुना क्रमांक कोणता, नवा कोणता याचा तक्ता जपून ठेवा आणि प्रत्येक जुन्या दुव्याला ३०१ ने (पत्ता कायमचा बदलला हे सांगणारा संकेत) नव्यावर वळवा. लोकांनी पंधरा वर्षांत आपापल्या लेखांत दिलेले दुवे मेले तर मजकूर असूनही सापडणार नाही. नवं सॉफ्टवेअर हा तक्ता ठेवू देतं का, हा निर्यातीचाच दुसरा भाग समजा.

पासवर्ड तसेच्या तसे येत नाहीत. ते कुटून (हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही असे) ठेवलेले असतात आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची कुटण्याची पद्धत वेगळी. जुने पासवर्ड ओळखणारं प्लगिन मिळालं तर ठीक, नाहीतर प्रत्येक सभासदाला नवा पासवर्ड लावावा लागतो, तो ईमेलने येतो, आणि निम्म्यांचे ईमेल कधीच सोडलेल्या कचेरीचे नाहीतर विसरलेल्या रेडिफमेलचे असतात. म्हणून जुना मंच चालू आहे तोवरच, किमान दोन महिने आधी, वर ठळक पट्टी लावा: 'ईमेल तपासा.' ही पट्टी राहिली तर आपल्याच जुन्या लेखकांना आपण बाहेर ठेवतो, आणि ते नव्या आयडीने परत येण्याची तसदी घेत नाहीत.

ईमेल पोचणं हेही आत्ताच बघा. बरेच सर्व्हरवाले २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवतात; ५८७ वरून जाणारी पैसे देऊन घेतलेली सेवा वापरा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनवर करा; पत्र खरंच तुमच्याकडून आलं हे त्यांवरून ठरतं. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं जीमेलला पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या आहेत, पण छोट्या मंचाची पत्रंसुद्धा त्यांच्याशिवाय स्पॅममध्ये जातात. डिस्कोर्स तर चालू ईमेलशिवाय नीट उभंच राहत नाही.

मग घ्यायचं कोणतं? सीपॅनेलवालं (ब्राउझरमधून सांभाळायचं) स्वस्त होस्टिंग आणि पीएचपी ही भाषा येणारा एक माणूस एवढंच असेल तर पीएचपीबीबी. २००० सालापासून आहे, दिसायला जुनाट, पण त्यातून डेटा काढणाऱ्या स्क्रिप्टी बऱ्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरांकडे आहेत, आणि माझ्या लेखी हे फार मोठं आहे. फ्लॅरम हलकं आणि देखणं, मात्र बरंच काही एक्स्टेन्शनवर (वरून जोडायच्या पुरवण्यांवर) अवलंबून, आणि बरीच एक्स्टेन्शनं डेटाबेसमध्ये आपलं वेगळं काहीतरी ठेवतात जे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना मागे राहू शकतं. नोडबीबीला नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची प्रणाली) चालवता येणारा माणूस हवा. डिस्कोर्स नियंत्रणासाठी सगळ्यात सोयीचं, पण साध्या होस्टिंगवर चालत नाही. डॉकर (सॉफ्टवेअर बंद डब्यात चालवायची सोय) लागतो, १ जीबी मेमरी ही अगदी किमान, तीही स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) जोडून, नाहीतर अद्ययावत करताना मधेच बसतं. २ जीबी घ्या. त्यात प्रतिसादाला किमान वीस अक्षरांची अट असते. आपल्याकडे 'अनुमोदन' आणि '+१' यांवर धागे चालतात, ती अट आधी खाली आणा. देवनागरी आयडी हवे असतील तर तेही सेटिंगमध्ये चालू करावं लागतं.

उडवलेला प्रतिसाद खरंच नष्ट होतो की फक्त लपतो? लपायला हवा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे काढून टाकलेला मजकूर आणि सभासदत्व रद्द झालेल्याची नोंदणीची माहिती १८० दिवस जपावी लागते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिसेल असा ठेवावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. तेव्हा एकाला नाही, तिघांना उडवण्याचा अधिकार असलेलं आणि कुणी काय उडवलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हवं. ड्युआयडी (एकाच माणसाचा दुसरा आयडी) पकडायला संपादकांना आयपी (सभासदाचा इंटरनेटवरचा पत्ता) दिसायला हवा, पण तो फक्त सुगावा. मोबाइलवर एकाच आयपीमागे हजार माणसं असतात, त्यावरून थेट बंदी घालू नका.

उरलेलं भरभर. डोमेन संस्थेच्या नावावर, कुणा एकाच्या खाजगी खात्यावर नाही. सर्व्हरचे पासवर्ड दोघांकडे. स्पॅमसाठी पहिले दोन-तीन प्रतिसाद मंजुरीत. मोबाइलवर बघा. एसएसएल, अर्थातच.

बॅकअप रोज, सर्व्हरच्या बाहेर, कुलूपबंद, कारण त्यात सगळ्यांचे व्यनि असतात. दर तीन महिन्यांनी त्यातला एक कोऱ्या सर्व्हरवर उभा करा आणि एक जुना धागा फोटोंसकट उघडून बघा. 'दुसऱ्या' शोधून बघा. मतदान त्यानंतर घ्या.