लोकल फुटबॉल क्लब हातात घेताय? आधी या चुका टाळा

२७ ऑगस्ट २०१९, मंगळवार. मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचं गाव आहे, तिथल्या गिग लेन स्टेडियममध्ये त्या दिवशी लोक झाडू, फडकी, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आले होते, कारण क्लब घ्यायला एक पार्टी तयार झालीय आणि शनिवारी मॅच होईल अशी आशा होती, तर निदान खुर्च्या तरी पुसून ठेवू. दुपारी तो व्यवहार फिसकटला आणि रात्री लीगने बरी एफसीला बाहेर काढलं. १८८५ चा क्लब, इंग्लंडची जुनी नॉकआउट स्पर्धा एफए कप दोन वेळा जिंकलेला, आणि काही महिन्यांपूर्वीच मैदानावर प्रमोशन, म्हणजे वरच्या लीगमध्ये बढती, मिळवलेला. टीम जिंकत होती आणि क्लब मरत होता, हे एकाच सीझनमध्ये घडू शकतं हे मला तेव्हा कळलं.

मी याच भागात राहतो. एका अगदी खालच्या डिव्हिजनच्या क्लबला दोन सीझन हिशेबात मदत केलीय, शनिवारी टर्नस्टाइलची, म्हणजे प्रवेशाच्या फिरत्या गेटवरची, चिल्लर मोजण्यापासून सगळं. त्यामुळे कोणी नवीन मालक येतो आणि पहिल्याच दिवशी "पाच वर्षांत वरच्या लीगमध्ये" म्हणतो तेव्हा मला खरंच काळजी वाटते, त्या माणसाचीही आणि गावाचीही. चुका त्याच त्याच होतात, म्हणून लिहितोय.

एक पौंडाला मिळाला म्हणजे स्वस्त मिळाला असं समजू नका

डिसेंबर २०१८ मध्ये बरी एक पौंडाला विकला गेला. नव्या मालकाने नंतर रेडिओवर सांगितलं की असा काही फुटबॉल क्लब आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं. एक पौंड किंमत लागते तेव्हा ती क्लबची किंमत नसते, बाकी सगळं तुमच्या डोक्यावर येतं. जुन्या मालकाच्या काळात स्टेडियम गहाण पडलं होतं, पार्किंगच्या जागासुद्धा बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकल्या होत्या, आणि पुढे खेळाडूंचे पगार आठवडे आठवडे थकले. पैसे कुठून आणणार याचा पुरावा लीगने आधी घेतलाच नव्हता, व्यवहार उरकून गेला. आता ब्रिटनमध्ये २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणलाय, त्याच्यामागे बरीचं हे मोठं कारण आहे.

म्हणून सही करायच्या आधी चार गोष्टी कागदावर मागा. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर बोजा किती, टॅक्स शेवटचा कधी भरला, दुसऱ्या क्लबांना ट्रान्सफरचे हप्ते किती द्यायचेत, आणि पुढच्या वर्षांचं उत्पन्न आधीच कोणाला विकून टाकलंय का. टॅक्सवाल्यांना तर अजिबात ताटकळत ठेवू नका, क्लब बंद करायचा अर्ज कोर्टात टाकायला ते मागेपुढे बघत नाहीत, आणि डिसेंबर २०२० पासून दिवाळखोरीत त्यांचा नंबर पैसे येणं असलेल्या इतर बऱ्याच जणांच्या आधी लागतो. फुटबॉलमध्ये खेळाडू आणि इतर क्लब यांचे पैसे पूर्ण चुकवावे लागतात, मग उरतो तो मॅचला खायच्या पाई (सारण भरलेला भाजलेला पदार्थ) पुरवणारा गावातला माणूस, प्लंबर, छपाईवाला. बरीच्या तडजोडीत अशा लोकांना पौंडामागे २५ पेन्स देऊ केले होते, आणि तरीही लीगच्या टेबलातले १२ पॉइंट कापले गेलेच.

ग्राउंड आणि क्लब वेगळे करू नका

ही सगळ्यात मोठी चूक, बाकी एकवेळ निस्तरता येतात, ही नाही.

सल्लागार येऊन सांगतो की स्टेडियम दुसऱ्या कंपनीच्या नावावर टाका, हिशेबाला सोपं जातं, जागेवर कर्ज उचलता येतं. ऐकायला बरं वाटतं. पण ग्राउंड एकदा हातातून गेलं की क्लब आपल्याच घरात भाडेकरू होतो आणि जमिनीची किंमत क्लबपेक्षा जास्त असेल तर घरमालकाला भाडेकरू बाहेर पडलेलाच हवा असतो. वेल्समधल्या रेक्सहॅमचं हेच झालं, २००२ च्या सुमारास रेसकोर्स ग्राउंड क्लबकडून निसटलं आणि जागेवर बांधकाम करायच्या बेतात क्लबच बाहेर पडायची वेळ आली. आज सगळ्यांना रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी हे दोन ॲक्टर आठवतात, पण त्यांच्या आधी दहा वर्षं तो क्लब समर्थकांच्या ट्रस्टने जगवला होता, २०११ पासून. ट्रस्टने २०१६ मध्ये ग्राउंड ९९ वर्षांच्या लीजवर घेतलं आणि नव्या मालकांनी २०२२ मध्ये ते विकतच घेऊन टाकलं. सलग तीन प्रमोशनची पहिली पायरी मला तरी तीच वाटते.

ब्रायटन क्लबचं तर विचारूच नका. जुनं गोल्डस्टोन ग्राउंड विकलं गेलं, एप्रिल १९९७ मध्ये तिथे शेवटची मॅच झाली, त्यानंतर दोन वर्षं ही मंडळी जिलिंगहॅमला जाऊन "होम" मॅच खेळायची, मग एका ॲथलेटिक्स ट्रॅकवर, आणि स्वतःचं स्टेडियम मिळायला २०११ उजाडलं. चौदा वर्षं. म्हणजे या काळात जन्मलेलं पोर आठवी-नववीत गेलं.

जागा आधीच हातातून गेलेली असेल तर निदान लांब मुदतीची लीज पदरात पाडून घ्या आणि समर्थकांच्या ट्रस्टला त्यात हक्क द्या, म्हणजे उद्या तुमच्या पोरांनाही ती गुपचूप विकता येणार नाही.

प्रमोशन येईल या भरवशावर पगार ठरवू नका

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि क्लब हातात आला की पहिलं तेच विसरतो. इंग्लंडच्या चौथ्या लेव्हलला खेळाडूंच्या पगारावर उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंतच खर्च करायचा असा नियम होता, पण मालकाने घातलेलं भांडवल उत्पन्नात धरायचे, म्हणजे मालक दमला किंवा त्याचा दुसरा धंदा बुडाला की पगार तसेच आणि उत्पन्न अर्धं. करार तीन वर्षांचा असतो, मालकाचा उत्साह तेवढा टिकतोच असं नाही. करारात खालच्या लीगमध्ये गेलो तर पगार आपोआप कमी होईल हे कलम घाला, आणि बोनस प्रमोशन मिळाल्यावरच द्या.

स्टेडियमच्या बाबतीतही हाच हिशेब. डार्लिंग्टनला मालकाने २५,००० खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं, २००३ मध्ये उघडलं, रोजचा प्रेक्षक काही हजार. त्याच डिसेंबरमध्ये क्लब दिवाळखोरीत. रिकाम्या खुर्चीलाही वीज, विमा, साफसफाई लागतेच.

जाणकार माणसं पहिल्याच महिन्यात काढू नका

हे आपल्या पुण्याचं उदाहरण आहे म्हणून जरा दुखतं. कोंबडीच्या धंद्यातल्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब २३ मिलियन पौंडांना घेतला, डिसेंबरमध्ये मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य प्रशिक्षक, सॅम ॲलर्डाइसला काढलं, टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती, आणि त्याच्या जागी आधी कधी मुख्य मॅनेजर न राहिलेला माणूस आणला. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून ते प्रीमियर लीगमधून खाली गेले, त्या मॅचला कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. पुढच्या सीझनमध्ये मॅनेजर म्हणून हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकल ॲपलटन ६७ दिवस. पैसे घालायला या मालकांनी हात आखडता घेतला असं नाही म्हणता येणार, वर्षानुवर्षं घालत राहिले, आणि अलीकडे तर भारतातून रक्कम पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी लागली. पण पैसा रस्त्यात अडकला तर पुढचे सहा महिने पगार कुठून देणार याचं उत्तर दुसऱ्या खात्यात तयार पाहिजे, आणि पहिलं वर्षभर जुन्या सेक्रेटरीचं, ग्राउंड्समनचं, ॲकॅडमीवाल्याचं नुसतं ऐकून घ्यायला पाहिजे. क्लबच्या रंग-नावाचं लोकांना नुसतं वेड नसतं, ती त्यांची ओळख असते. कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली आणि २०१५ मध्ये परत निळी करावी लागली.

आपल्याकडे तर क्लबच उचलून दुसऱ्या शहरात नेतात. पुणे एफसी, भारत एफसी, एफसी पुणे सिटी, तिन्ही बालेवाडीला खेळले आणि आज एकही नाही, शेवटच्याचं तर २०१९ मध्ये हैदराबाद झालं. तिथे जाऊन ओरडणारी पोरं आता कुठल्या क्लबची?

मे ते जुलै विसरू नका

आमच्या छोट्या क्लबात हे दोन्ही वर्षं बघितलं. मेमध्ये सीझन तिकिटं विकली जातात, खात्यात एकदम पैसा दिसतो, मग एखादा स्ट्रायकर घेऊया असं कोणाच्या तरी मनात येतं. पण तो पैसा पुढच्या एप्रिलपर्यंतच्या मॅचचा आहे, आणि ऑगस्टपर्यंत एकही होम मॅच नसते, पगार मात्र चालू. नोव्हेंबरमध्ये पाऊस लागला की मैदानात पाणी साचतं, रेफ्री सकाळी अकराला येतो, बॉल टाकतो, बॉल उसळत नाही, मॅच रद्द. पाई आलेल्या असतात, त्यांचं बिल द्यायचंच. असे ओळीने तीन शनिवार गेले की डिसेंबरचा पगार लटकतो. म्हणून सीझन तिकिटाचा पैसा वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला बाराव्या हिश्श्यानेच काढा, कितीही मोह झाला तरी.

मॅक्लसफिल्डने इथेच मला शहाणं केलं. जुना क्लब सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टाने बंद केला, ग्राउंड घरं विकायच्या वेबसाइटवर विकायला लागलं होतं, ते रॉब स्मेथर्स्ट नावाच्या गावातल्या व्यावसायिकाने घेतलं. नवव्या लेव्हलपासून सुरुवात. खेळाडूंच्या बरोबरीने त्याने पैसा घातला तो कृत्रिम गवतात आणि बारमध्ये, म्हणजे पावसाने मॅच बुडत नाही, मैदान आठवडाभर भाड्याने देता येतं, आणि मॅच नसलेल्या मंगळवारीही गावातला माणूस क्लबात येऊन बसतो.