जुन्या जीपला एलईडी प्रोजेक्टर हेडलाइट बसवताना वायरिंग कसं करावं

महिंद्रा मेजर, एमएम ५४०, जुनी थार, जिप्सी, अँबेसेडर या सगळ्या गाड्यांना ७ इंची गोल डोम (काच आणि आरसा असलेला अख्खा दिवा) असतो आणि त्याच्या मागे एच४ बल्बचा तीन पिनांचा कपलर. एलईडी प्रोजेक्टरही याच मापात आणि याच कपलरसह मिळतो. त्यामुळे जुना डोम काढायचा, नवा लावायचा, कपलर खोचायचा, की झालं काम, असं दुकानात सांगितलं जातं. दिवा पेटतोही. मग पहिल्याच रात्री अप्पर (लांबचा झोत) मारल्यावर रस्ता काळोखात जातो, पहिल्याच पावसात एक दिवा लुकलुकायला लागतो आणि समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर करून शिव्या घालतो. या तिन्ही गोष्टी टाळता येतात. जुन्या वायरिंगने नव्या दिव्याला वीज पुरवायची नाही, फक्त रिलेला (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) इशारा द्यायचा. वीज बॅटरीहून थेट आणायची. आणि शेवटी झोत नीट बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

आधी व्होल्टेज मोजा

इंजिन चालू ठेवून थोडा रेस द्या, हेडलाइट लावा आणि मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन टोकांत व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ असेल तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बदला, कारण अनेक स्वस्त एलईडी ड्रायव्हर (एलईडीला नेमकी वीज पुरवणारं दिव्यातलं सर्किट) १६ व्होल्टच्या पुढे तग धरत नाहीत. आता बल्ब पेटलेला असतानाच कपलरच्या मागून मीटरची टोकं घालून तिथलं व्होल्टेज बघा. पंचवीस वर्षांच्या गाडीत दीड-दोन व्होल्टचा फरक सहज निघतो. ही वीज डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, डिपर स्विचमध्ये आणि काळवंडलेल्या कपलरांत गरम होऊन संपते.

हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून ज्यांना फक्त 'लाइट कमी पडतो' एवढीच तक्रार आहे त्यांनी आधी नुसता रिले टाकून बघावा; अनेकांचं काम तिथेच भागतं. एलईडीचं गणित उलटं आहे. ड्रायव्हर तेवढीच शक्ती काढत राहतो, म्हणजे व्होल्टेज घटलं की तो जास्त करंट ओढतो आणि जुनी वायर आणखी तापते.

जुन्या रिफ्लेक्टर डोममध्ये नुसता एलईडी बल्ब खोचण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. तो आरसा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम जरा हलला तरी झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दिवा घेताना

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काचेवर असते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरची, म्हणजे जवळच्या झोताची, वरची कड उजवीकडे खाली आणि डावीकडे वर चढलेली हवी. अमेरिकेसाठी किंवा युरोपच्या मुख्य भूमीसाठी बनवलेल्या दिव्यात हे बरोबर उलटं असतं आणि कितीही स्क्रू फिरवले तरी ते सुधारत नाही. ई-मार्क (युरोपीय मान्यतेची खूण) असलेल्या दिव्यावर, समोर उभं राहून पाहिल्यास उजवीकडे टोक असलेला बाण दिसला, तर तो डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालतो.

रंग ४३०० ते ५००० केल्विनच्या आसपास घ्या. ६५०० चा निळसर उजेड दुकानात झगझगीत दिसतो, पण आंबा घाटात किंवा ताम्हिणीत धुकं उतरलं की तोच उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो आणि ओला डांबरी रस्ता काळाच राहतो. दिव्याची मागची खोलीही मोजा. प्रोजेक्टरचा हीटसिंक जुन्या डोमपेक्षा मागे येतो आणि ग्रिलमागच्या वाटीला टेकतो. वाटी कापली की पाणी आत येतं आणि गंज चढतो. त्यामुळे बसणाराच दिवा घ्या.

दिवा विकत घेण्याआधीच कायद्याची बाजू बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. म्हणून मान्यतेची खूण असलेलाच दिवा घ्या, आपल्या आरटीओत विचारून घ्या आणि कंपनीचं वायरिंग कुठेही कापू नका. खाली दिलेल्या पद्धतीत एकही मूळ वायर कापावी लागत नाही.

टेबलावरची चाचणी

दिवा गाडीवर चढवण्याआधी बॅटरीजवळ ठेवा आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून तपासा. डिपरची वायर आणि अर्थ (निगेटिव्हची वायर) जोडा, दिवा पेटेल. ती सोडून फक्त अप्परची वायर जोडा. आता दिवा पेटला, तर अप्परची एलईडी वेगळी आहे. नुसता 'टक' आवाज आला आणि उजेड नाही, तर तो बाय-एलईडी प्रोजेक्टर आहे. त्यात एलईडी एकच असते आणि अप्परला आतला सोलेनॉइड फक्त पडदा खाली पाडतो.

जुन्या गाडीचा डिपर स्विच अप्पर लावताना डिपर बंद करतो. एच४ बल्बला तेच हवं असतं. बाय-एलईडीला मात्र अप्परच्या वेळी डिपरही चालू राहायला हवा, नाहीतर पडदा पडतो आणि मागे उजेडच नसतो. घाटाच्या वळणावर अप्पर मारताच अंधार होण्याचं कारण हे. इलाज दोन रुपयांचा डायोड आहे; तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो.

सामान

१२ व्होल्ट ४० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले, सॉकेटसह. पाच पिनांचा रिले शक्यतो घेऊ नका: मधली पिन ८७ए असेल तर ती रिले बंद असताना जिवंत असते, आणि तिथे वायर लागली तर दिवा रात्रभर जळून सकाळी बॅटरी बसलेली सापडते. १एन४००७ डायोड दोन लागतात, चार आणा. वायरमध्ये बसणारे ब्लेड फ्यूजचे होल्डर चार. फ्यूज २० अँपिअरचा एक आणि १० चे तीन. २.५ चौरस मिमीची लाल वायर २ मीटर, काळी ३ मीटर; १.५ ची ५ मीटर; इशाऱ्यासाठी १ चौरस मिमीची २ मीटर. एच४ चा एक मेल प्लग, दोन फिमेल होल्डर. रिंग लग, हीट श्रिंक, १० मिमीचा कोरुगेटेड पाइप. क्रिंपिंगची (लग वायरवर दाबून बसवायची) पक्कड चांगली हवी. साध्या पकडीने दाबलेला लग तीन महिन्यांत सुटतो.

बॅटऱ्या दोन असतील तर यंत्रणा २४ व्होल्टची आहे का ते बघा. अगदी जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाडीत बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे तेही बघा. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर ही जोडणी तिला लागू नाही.

कपलर ओळखणं

वायरच्या रंगावर विसंबू नका; इतक्या वर्षांत कुणी काय जोडलंय सांगता येत नाही. दोन्ही बाजूंचे कपलर बल्बवरून काढा. एकच काढला तर दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटी वीज येते आणि मीटर खोटं दाखवतं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. डिपर लावा: एका पिनवर १२ व्होल्ट. अप्पर लावा: दुसऱ्या पिनवर. तिसरी पिन नेहमी शून्य, ती अर्थ. ही पॉझिटिव्ह स्विचिंगची गाडी.

एका पिनवर कायम १२ व्होल्ट आणि बाकी दोन कधीच जिवंत होत नाहीत असं दिसलं, तर स्विच निगेटिव्ह बाजूला आहे. सुझुकी घडणीच्या जिप्सीत हे आढळतं. अशा वेळी लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवून डिपर-अप्परची पिन शोधा. तीनही पिनांना कागदी चिकटपट्टी लावून नावं लिहा.

जोडणी

१. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा.

२. दोन्ही रिले बॅटरीच्या बाजूच्या मडगार्डवर, पिना खाली करून लावा. वायर रिलेत शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर यायला हवी, म्हणजे पाणी झोक्यावरून ठिबकतं.

३. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ ची लाल वायर काढा. एक वीत अंतराच्या आत २० चा फ्यूज. त्याआधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं, म्हणून हे अंतर वाढवू नका. फ्यूजनंतर दोन्ही रिलेंच्या ३० नंबरला द्या (३० मधून वीज आत येते, ८७ मधून बाहेर जाते, ८५-८६ इशाऱ्याच्या पिना).

४. डिपर रिलेच्या ८७ मधून दोन वायर काढा. प्रत्येकीत १० चा फ्यूज, एक डाव्या दिव्याला, एक उजव्या. एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा घरी पोचवतो. अप्पर रिलेच्या ८७ ला १० चा एकच फ्यूज आणि तिथून दोन्ही दिव्यांची अप्पर वायर.

५. दिव्यांची काळी वायर डोमच्या पत्र्याला लावू नका. दोन्ही एकत्र करून २.५ ने बॅटरीच्या निगेटिव्हला आणा. दिवे चालू असताना दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. लुकलुकणारे दहातले बहुतेक दिवे इथेच बरे होतात.

६. आता इशारा. जुन्या दोन कपलरांपैकी रिलेच्या जवळचा घ्या आणि त्यात मेल प्लग लावा. दुसरा कपलर टेपने नीट बंद करून बांधून ठेवा. पॉझिटिव्ह स्विचिंगमध्ये दोन्ही रिलेंची ८५ अर्थला. प्लगची अप्पर वायर थेट अप्पर रिलेच्या ८६ ला. डिपर रिलेच्या ८६ ला दोन डायोड: एक प्लगच्या डिपर वायरकडून, एक अप्पर वायरकडून. दोन्हींची चंदेरी पट्टी रिलेच्या बाजूला. यामुळे अप्पर लावला तरी डिपर रिले धरून राहतो, आणि डिपरची वीज अप्परकडे जात नाही.

निगेटिव्ह स्विचिंगमध्ये दोन्ही ८६ प्लगच्या कायम जिवंत पिनला. अप्परची ८५ थेट अप्पर वायरला. डिपरची ८५ दोन डायोडमधून डिपर आणि अप्पर वायरला, पट्ट्या प्लगच्या बाजूला. या गाड्यांत मीटरमधल्या निळ्या दिव्याचा परतीचा रस्ता बल्बच्या फिलामेंटमधून असू शकतो, त्यामुळे तो मंद होतो किंवा विझतो.

अप्परची एलईडी वेगळी असेल आणि दिव्याच्या पत्रकात दोन्ही एकत्र चालवू नका असं लिहिलं असेल, तर अप्परकडचा डायोड गाळा.

७. डायोडचे सांधे सोल्डर करा, प्रत्येकावर वेगळी हीट श्रिंक आणि वरून एक मोठी. सगळ्या वायर पाइपात घाला. रेडिएटरच्या पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा.

८. निगेटिव्ह परत लावा. डिपर, अप्पर, पासिंग (क्षणभर अप्पर मारणं) तिन्ही तपासा. दहा मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डर हाताला लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर क्रिंप सैल आहे.

झोत बसवणं

वायरिंगला अर्धा दिवस दिला असेल तर याला एक संध्याकाळ द्या. टायरमध्ये योग्य हवा भरा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसवा आणि सपाट जागी भिंतीपासून दिवा १० मीटरवर येईल अशी गाडी उभी करा. जमिनीपासून प्रोजेक्टरच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीची आडवी रेघ आणि प्रत्येक दिव्यासमोर एक उभी रेघ मारा.

एक दिवा झाकून दुसरा लावा. रिंगमधला वरचा स्क्रू झोत वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. कडेचा सपाट, उजवीकडचा भाग आडव्या रेघेच्या १० सेंमी खाली आणा. दिवा ८० सेंमीपेक्षा उंच असेल तर १२ ते १५ सेंमी. कड जिथून डावीकडे वर चढते तो कोपरा उभ्या रेघेवर हवा. कडच तिरकी दिसत असेल तर डोम वाटीत फिरून बसला आहे, काढून खाचा जुळवून परत लावा.

मग नियमानेच तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेच्या ०.५ मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. तिथे उभे राहा, डोळे दीड मीटरवर आणा आणि डिपरकडे बघा. डोळे मिटावेसे वाटले तर स्क्रू अजून फिरवायचा आहे. मागे चार माणसं किंवा सामान भरून हीच तपासणी पुन्हा करा, कारण पाट्यांची जीप मागून बसली की नाक वर करते.

नंतर उद्भवणाऱ्या तक्रारी

रेडिओवर घरघर येत असेल तर दिव्याच्या दोन्ही वायर एकमेकींना पीळ घालून न्या आणि ड्रायव्हरजवळ फेराइटचा मणी लावा. काचेत वाफ धरून तासाभरात जात असेल तर काळजी नाही. थेंब साठत असतील तर सील गेलं आहे. अप्परला 'टक' येतो पण झोत उठत नाही, तर पडदा अडकला आहे, दिवा बदलून घ्या. स्टार्टर मारताना दिवे क्षणभर विझले तर ते बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं पडल्यामुळे होतं.

आणि बॅटरी बसलेली जीप धक्का मारून सुरू केल्यावर चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा. त्या क्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि दोन्ही ड्रायव्हर एकदम जातात.