पहिल्या लांब राइडला निघताय? आधी पंक्चर काढायला शिका

दिवाळी झाली, पहाटे जरा गार वाटायला लागलं की माझा फोन सुरू होतो. "दादा, यंदा सायकलवर तुळजापूर करायचंच." छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. पाचोड, शहागडचा गोदावरीवरचा पूल, गेवराई करत पहिल्या दिवशी बीड. दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट चढून येरमाळा, धाराशिव आणि तुळजापूर. तयारी केली तर नवशिक्यालाही दोन दिवसांत जमतं. पण फोनवरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सायकल कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, मागच्या चाकाचं पंक्चर काढता येतं का? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "रस्त्यात दुकानं असतीलच की."

असतात ना. त्या दुकानांचीच गोष्ट आधी सांगतो.

डिसेंबर महिना होता. भाच्याने नवी हायब्रीड, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल घेतली होती, ७०० बाय ३५ चे टायर, चकचकीत. सोबत दोन जास्तीच्या ट्यूबा, आणि ट्यूब बदलायचा व्हिडिओ तीनदा बघितलेला. गेवराई मागे पडली आणि अकराच्या सुमारास त्याचा मागचा टायर बसला. मी म्हटलं, कर तू, शिकशील. आणि मी लिंबाखाली बसून शेंगदाणे खात राहिलो, ही माझी चूक. पठ्ठ्याने वीस-पंचवीस मिनिटांत ट्यूब बदलली. दोन किलोमीटर गेलो, परत फुस्स. दुसरी ट्यूब टाकली. एक किलोमीटरही नाही झाला. "मामा, दुकानदाराने ट्यूबाच डुप्लिकेट दिल्यात." ऊन चढलेलं, पोराचा चेहरा उतरलेला. सायकली ढकलत फाट्यापर्यंत आलो, तिथे पत्र्याचं एक पंक्चरचं दुकान.

दुकानात ७०० ची ट्यूब नव्हती. ती मिळेल अशी अपेक्षाही धरू नका. गावाकडच्या दुकानात साध्या सायकलच्या, मोटरसायकलच्या, ट्रॅक्टरच्या ट्यूबा असतात. हवा भरायची नळीही आमच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्वला बसेना. पण म्हातारबुवांनी ट्यूबेकडे बघितलंच नाही. टायर मांडीवर घेतला, उठून शेजारच्या वावरातून कापसाचं एक बोंड तोडून आणलं आणि तो कापूस टायरच्या आतून हळूहळू फिरवायला लागले. अर्धा फेरा झाला नसेल, एका जागी कापसाचे तंतू अडकून राहिले. तिथे तांदळाच्या कणीएवढं, काळपट टोक. सराट्याचा काटा! बाहेरून मोडलेला, म्हणून दिसत नव्हता. आतून नवी ट्यूब आली की तिला टोचत होता. दाभणाने काटा उकरत बुवा भाच्याला म्हणाले, "लेकरा, उगं ट्यूबा कामून वाया घालवायलास? काटा टायरातच हाय की."

तीन ट्यूबा, तिन्हींना भोक एकाच अंतरावर. व्हॉल्वपासून मोजलं असतं तर पहिल्याच वेळी कळलं असतं.

तेव्हापासून माझी सवय अशी. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्वच्या समोर आणायचं. पंक्चर झालं की ट्यूबेत हवा भरून भोक शोधायचं, व्हॉल्वपासून किती वित आहे ते बघायचं, आणि टायरवर नावापासून तेवढ्याच अंतरावर दोन्ही बाजूंना तपासायचं. काटा तिथेच सापडतो. सापडला नाही तर कापूस फिरवायचा. माझ्या बॅगेत औषधाच्या दुकानातला कापसाचा बोळा कायम असतो. उघडं बोट फिरवू नका. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या बोटात घुसतात.

पॅच चिकटवायच्या सोल्युशनलाही घाई चालत नाही. ट्यूब काचपेपरने घासायची, सोल्युशन पातळ पसरायचं आणि चार-पाच मिनिटं काही करायचं नाही. ओलं चकाकणं जाऊन हाताला जेमतेम चिकट लागलं की मग पॅच. नवशिके लगेच चिकटवतात, वर फुंकरही मारतात, आणि पंधरा किलोमीटरवर पॅच सुटला की पॅचला शिव्या देतात. चार मिनिटं थांबता येत नसेल तर अडीचशे किलोमीटरला कशाला निघताय?

आणि हा सराव घरीच करायचा. मागचं चाक काढायचं, चेन आधी मागच्या सगळ्यात लहान चकतीवर घेऊन. एकदा दिवसा, एकदा बॅटरीच्या उजेडात. पाचदा करा, हात आपोआप चालतात. प्रेस्टा व्हॉल्व असेल तर त्यावर साधी नळी बसवणारं छोटं पितळी नोझल किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा. ते असलं की कुठलंही पंक्चरचं दुकान आपलं. त्या दिवशी बुवांचा काँप्रेसर चालला तो माझ्याकडच्या नोझलवर.

नकाशातला शॉर्टकट

ही माझी दुसरी लाडकी चूक, कारण मी स्वतः केली आहे. पैठणहून निघालो होतो, ऑक्टोबरात, परतीचा पाऊस नुकताच पडून गेलेला. मोबाइलने हायवेला जायचा नऊ किलोमीटर वाचवणारा रस्ता दाखवला. नकाशात तीही रेघ, हायवेही रेघ. प्रत्यक्षात ती निघाली पाणंद, दोन्हीकडे तुरी आणि मधे आपली मराठवाड्याची काळी माती. या मातीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ती नुसती घसरवत नाही, धरते. पन्नास पावलांत टायर दुप्पट जाड झाला, शंभर पावलांत मातीने मडगार्ड भरला आणि चाक फिरायचंच थांबलं. बाभळीची काटकी मोडून माती कोरायची, वीस पावलं ढकलायचं, परत कोरायचं. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. मातीसकट तिचं वजन काय झालं असेल ते माझ्या खांद्याला विचारा. सहा किलोमीटरला अडीच तास लागले. चिखलात रुतलेल्या बाभळीच्या काट्यांनी पुढचं चाकही बसवलं, ते वेगळंच.

म्हणून आता आदल्या दिवशी रस्ता बघताना मी अंतर बघत नाही, त्यावरून एसटी जाते का ते विचारतो. एसटी जात असेल तर रस्ता आहे. नसेल तर पावसाळ्यानंतर निदान महिनाभर तिकडे फिरकायचं नाही. आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच म्हणून सांगतो, समृद्धी महामार्गावर मोटरसायकललाही बंदी आहे, सायकलचं तर नावच काढू नका.

सराव मोजताना होणारी चूक

"मी रविवारी ऐंशी मारले, म्हणजे तयार आहे." नाही. त्या ऐंशीनंतर सोमवारी सीटवर बसला होतात का? लांब राइड अडते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सीटवर बूड टेकवताना. संभाजीनगरवाल्यांना मी एकच सांगतो: शनिवारी दौलताबादचा घाट चढून वेरूळ आणि परत, साधारण साठ किलोमीटर, रविवारी परत तेच, जे सामान नेणार आहात ते कॅरिअरला बांधून. सामान पाठीवर नको. असे तीन-चार शनिवार-रविवार झाले की दुखणं कुठून येतंय ते कळतं.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने मारताना गुडघा जेमतेम वाकलेला राहतो. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. जेलचं गुबगुबीत सीट कव्हर मात्र काढून टाका, तीस किलोमीटरनंतर तेच काचतं. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. हे दरवर्षी कोणालातरी बाजूला घेऊन सांगावं लागतं.

सायकल आदल्या दिवशी सर्व्हिसिंगला टाकू नका. नव्या केबल ताणतात, गिअर दुसऱ्या दिवशी सरकायला लागतात, आणि ते नेमकं घाटाच्या तोंडाशी होतं. आठवडाभर आधी टाका आणि नंतर पन्नास-साठ किलोमीटर चालवून बघा. बूट, सीट, हँडलची टेप, काहीही नवं त्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही.

खाणं. भूक लागल्यावर खाऊ म्हणणारा शंभराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलेला सापडतो, हातपाय थरथरत. भूक लागायच्या आधी, पाऊण तासाला दोन घास. मला महागड्या एनर्जी जेलच्या पुड्या लागत नाहीत. आईच्या हातचे धपाटे, दशमी, गूळ-शेंगदाणे, केळी. धपाटे दोन दिवस टिकतात आणि त्यात मीठही असतं. ढाब्यावर तर्रीची ताटं मुक्कामाला पोचल्यावर, वाटेत नाही. पाण्यात ओआरएस घाला, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, अंदाजपंचे नको. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो की पाणी कमी पडलं.

पहाटे निघताना मागचा लाल दिवा लावा. हा हंगाम उसाचाही असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणी इतकी मोठ्याने की तुमची घंटी त्याला ऐकू येत नाही. उजाडेपर्यंत मी तरी त्यांना ओव्हरटेक करत नाही, मागेच राहतो.

राहता राहिली परतीची सोय. पोचल्यावर काय, हे कोणीच ठरवत नाही. आम्ही तुळजापूरला दर्शन घेऊन बाहेर आलो, भाच्याने फोटो टाकले, आणि मग विचारलं, "मामा, आता परत कसं?" तिथे तेव्हा रेल्वे पोचलेली नव्हती. एसटीत सायकल घ्यायची की नाही हे त्या दिवशीच्या गाडीवर आणि कंडक्टरच्या मूडवर. शेवटी संभाजीनगरकडे रिकामा निघालेला छोटा हत्ती टेम्पो मिळाला. भाचा मागे सायकलींशेजारी गाढ झोपला. असं आणायचं झालं तर सायकल आडवी ठेवताना गिअरची बाजू वर घ्या, आणि दोन सायकलींच्या मधे गोधडी टाका. आम्ही गोधडी भाच्याला पांघरायला दिली होती, म्हणून माझ्या सायकलच्या दांड्यावर त्याच्या पेडलचा ओरखडा अजून आहे.