पाळी गेल्यानंतरचे हार्मोनचे जेल आणि पॅच : या चुका टाळा

पाळी कायमची थांबल्यावर अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने झोपमोड होणे अशा त्रासांसाठी डॉक्टर काही जणींना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे जेल किंवा पॅच (कातडीला चिकटवायची औषधी पट्टी) लिहून देतात. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीवाटे घेतलेले हार्मोन थेट रक्तात उतरते, म्हणून नेहमीच्या मात्रेत गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. मात्र वरून लावायचे म्हणजे मलमासारखे साधे, हा समज चुकीचा आहे. फवारणीचे विष कातडीतूनही अंगात भिनते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या विषबाधेत भोगले आहे; औषधाची वाटही तीच.

सर्वाधिक गफलत जेल लावतानाच होते. आंघोळीनंतर हातांना खोबरेल चोळायचे आणि त्यावरच जेल लावायचे, असे केल्याने औषध किती आत जाईल याचा भरवसा राहत नाही. कातडी स्वच्छ, कोरडी आणि न खरचटलेली असावी. दंडावर किंवा मांडीवर, औषधासोबतच्या पत्रकात सांगितलेल्या जागी पातळ थर पसरावा, स्तनांवर कधीही लावू नये. तेल-क्रीम आणि धुणेभांडी निदान तासभर पुढे ढकलावीत. जेलमध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे ते पुरते वाळेपर्यंत चुलीजवळ बसणे धोक्याचे. सकाळी चहा चुलीवर ठेवण्याआधी ही पाच मिनिटे राखून ठेवावीत.

त्याच हातांनी नातवंडाला उचलून घेणे ही याहून गंभीर चूक आहे. कातडीवर उरलेले हार्मोन लेकराच्या अंगाला लागते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये अशाच एका इस्ट्रोजेन स्प्रेबाबत इशारा दिला, कारण संपर्कात आलेल्या लहान मुलांमध्ये अकाली स्तनवाढ दिसली होती. जेल लावून होताच फक्त हात साबणाने धुवावेत आणि लावलेली जागा बाहीने झाकावी.

पॅच बहुधा पोटाच्या खालच्या भागावर लावतात. तेथे परकराची नाडी घासली की कडा सुटतात. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात असताना घामानेही तो निघतो, म्हणून अंग निवून कोरडे झाल्यावरच तो लावावा, तळव्याने काही क्षण दाबून धरावा आणि दर वेळी जागा बदलावी. कंबर दुखते म्हणून पॅचवर गरम पिशवीचा शेक देणे तर टाळायलाच हवे, कारण उष्णतेने औषध ठरल्यापेक्षा वेगाने आत जाते. काढलेल्या पॅचमध्येही हार्मोन शिल्लक असते; तो चिकट बाजू आत घेऊन दुमडावा आणि लेकरे-जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असा टाकावा.

आठवड्यात आराम पडला नाही म्हणून स्वतःच मात्रा दुप्पट करू नये. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. रक्ततपासणी असेल तर जेल लावलेल्या दंडातून रक्त देऊ नये, हार्मोनचा आकडा खोटाच वाढलेला येऊ शकतो.

गर्भपिशवी शाबूत असणाऱ्या बाईने नुसते इस्ट्रोजेन घेणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. पिशवीचे अस्तर जाड होत जाते व पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनच्या (अस्तर जाड होऊ न देणाऱ्या हार्मोनच्या) वर्गातले औषध हवेच. कातडीला लावायच्या प्रोजेस्टेरॉन क्रीमवर त्यासाठी विसंबता येत नाही. पाळी गेल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर कापसाची वेचणी आटोपण्याची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजता येते.