जुन्या स्तोत्रपुस्तकातली चाल कशी ओळखावी

जुनं इंग्रजी ख्रिस्ती स्तोत्रपुस्तक (बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांचं) उघडलं की मी आधी ओळीतली अक्षरं, म्हणजे उच्चारातले खंड, मोजते. ओळींत ८-६-८-६ आली तर 'कॉमन मीटर' (मीटर म्हणजे ओळींचं माप), चारही ओळी ८च्या असतील तर 'लाँग मीटर'. मीटर जुळलं की एका स्तोत्राची चाल दुसऱ्यालाही बसते. म्हणूनच अमेरिकेतल्या 'बे साम बुक' या स्तोत्रपुस्तकाच्या १६९८च्या आवृत्तीत दीडशे स्तोत्रांसाठी १३ चाली पुरल्या.

मग स्वर. चार आवाजांची मांडणी असेल तर चाल सगळ्यात वर शोधू नका. इंग्लिश संगीतकार टॉमस रेव्हन्स्क्रॉफ्टच्या १६२१च्या संग्रहात ती टेनरमध्ये (पुरुषांच्या वरच्या आवाजात) आहे. पहिल्यांदा मी वरचा आवाज उतरवला आणि सगळं पुन्हा लिहावं लागलं. 'सी' क्लेफ (स्वररेघांच्या सुरुवातीची खूण) कोणत्या रेघेवर आहे तेही बघा. ती रेघ म्हणजे मधला सी हा स्वर.

आता पहिली ओळ सरगमात लिहा, ताल सोडून. 'सा सा नी ध प सा रे ग' (नी, ध, प मंद्रातले) असं उमटलं की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो: ही 'ओल्ड हंड्रेड्थ', म्हणजे 'जुनी शंभरावी'! १५५१ साली जिनिव्हात ती १३४व्या स्तोत्राला होती. शंभराव्याशी नातं इंग्रजी पुस्तकांत जुळलं.

नावावर मात्र विसंबू नका. स्कॉटलंडच्या १६१५च्या पुस्तकातली 'फ्रेंच' चाल रेव्हन्स्क्रॉफ्टकडे 'डंडी' होते, आणि स्कॉटलंडची 'डंडी' रेव्हन्स्क्रॉफ्टकडे 'विंडसर'. त्यामुळे वहीत सरगम आधी लिहा. नाव, पुस्तक आणि साल त्याखाली.